मूळ रंग कोणता?

वर्गाच्या भिंतीवर कित्येक वर्षे टांगलेला जुना नकाशा किंवा तसबीर खाली उतरवली, की तिच्यामागे एक चौकोन दिसू लागतो. बाकीची भिंत विटलेली, धुरकटलेली. चौकोन मात्र वेगळ्याच रंगाचा. मुलांना विचारा, "या भिंतीचा खरा रंग कोणता?" मुले एका सुरात सांगतील, "तसबिरीखालचा!" हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेण्यासाठी आपण भिंतीऐवजी एक जुनी मोटारगाडी घेऊ.

जुन्नर तालुक्यातील राजुरी हे गाव आळेफाट्याच्या पूर्वेला, कल्याण-नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर आहे. माळशेज घाट चढून मुंबईकडून येणारी वाहने याच रस्त्याने पुढे जातात. जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून नोकरी-धंद्यासाठी माणसे मुंबईला गेली आणि त्यांच्याबरोबर मुंबईच्या वस्तूही गावाकडे आल्या. अशाच एका घराच्या गोठ्याशेजारी, पत्र्याच्या छपराखाली, पन्नास वर्षांपूर्वीची फियाट उभी आहे असे समजू. गाडी आजोबांची, नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. इंजिनाचे काम होईल, टायर मिळतील. अडते ते रंगापाशी. बाहेरचा रंग तर दोन-तीनदा बदलला आहे. पण आतल्या पत्र्यावर, म्हणजे डॅशबोर्डवर, दरवाजांच्या वरच्या कडांवर, खिडक्यांमधल्या खांबांवर अजून पुष्कळसा जुनाच रंग आहे. आजी म्हणतात, "नवी आणली तेव्हा अगदी सायीसारखी होती रे." काका म्हणतात, "छे, पिवळसरच होती." गॅरेजमधला रंगारी म्हणतो, "आयव्हरी मारून देतो, कळणारसुद्धा नाही." यांतले कोणाचे खरे मानायचे?

हा प्रश्न हौशी माणसांचा वाटला तरी त्यामागे एक इतिहास आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. फियाट ११०० या गाडीचा वंश पुढे 'डिलाइट' झाला आणि सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरांत पोहोचला. इटलीत या मॉडेलचे उत्पादन थांबल्यानंतरही कुर्ल्यात ते सुमारे तीन दशके, २००० च्या आसपासपर्यंत चालू राहिले. परवान्यांच्या त्या काळात गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेल्या गाडीचा रंग आवडला नाही म्हणून ती परत करणारा माणूस विरळाच.

याच गाडीने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नाव कमावले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून गेली. हजारो गाड्या भंगारात निघाल्या. म्हणून ज्या थोड्या उरल्या आहेत, त्यांच्या पत्र्यावरचा रंग हा एका कारखान्याचा न लिहिलेला दस्तऐवज आहे. पॉलिश पेपरने तो घासून टाकला, की दस्तऐवज फाडल्यासारखेच झाले.

आता त्या रंगात असते काय? कोणत्याही रंगलेपात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंग देणारी बारीक पूड म्हणजे रंगद्रव्य. ती पूड धरून ठेवणारा व वाळून पापुद्रा बनणारा बंधक. आणि हे सारे पातळ करणारा, पुढे उडून जाणारा विद्रावक, ज्याला गॅरेजमध्ये थिनर म्हणतात. मोटारींच्या रंगाचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात बंधकाचा इतिहास आहे. पहिल्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच तेलातल्या रंगांनी व वार्निशने रंगवत. एकावर एक हात देत, प्रत्येक हात वाळू देत, एक गाडी पुरी व्हायला कित्येक आठवडे लागत. फोर्डच्या कारखान्यात काही मिनिटांनी एक गाडी तयार होऊ लागली, तेव्हा रंग वाळायला इतका वेळ देणे परवडेना. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी केवळ काळ्या रंगात मिळे. डांबरी घटकांपासून केलेला तो काळा लेप भट्टीत भाजून लवकर वाळवता येई आणि टिकेही.

सुटका झाली ती कापसामुळे. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली, की नायट्रोसेल्युलोज मिळते. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी ते प्रचंड प्रमाणावर बनवले गेले; युद्ध संपल्यावर त्या कारखान्यांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने त्यापासून पातळ, फवारता येणारा आणि काही तासांत वाळणारा लेप तयार केला. 'ड्युको' हे त्याचे नाव. १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सची ओकलंड ही गाडी याच लेपाचा निळा रंग घेऊन बाजारात आली. शंभर वर्षे होऊन गेली, तरी आपल्याकडे सुतार आणि रंगारी कपाटाला 'ड्युको मारू का?' असे विचारतात. डब्यात प्रत्यक्षात वेगळाच रंग असला तरी!

नायट्रोसेल्युलोजनंतर आली अल्किड राळ. अल्कोहोल आणि अ‍ॅसिड या शब्दांवरून हे नाव १९२७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमधील रॉय कीन्ले यांनी दिले. ग्लिसरीन, थॅलिक आम्ल आणि जवसासारखे तेल यांच्यापासून ती बनते. दुसऱ्या महायुद्धानंतर मेलामाइनबरोबर मिसळून भट्टीत भाजलेले अल्किडचे लेप जगभरच्या मोटार कारखान्यांत रुळले. आपल्या गोष्टीतल्या गाडीच्या पिढीतील रंग सर्वसाधारणपणे या घराण्यातले. यातील तेलाचा अंश लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्याला चकवणार आहे.

रंगद्रव्यांचीही अशीच वंशावळ आहे. पत्र्यावरच्या अगदी पहिल्या थरात, प्रायमरमध्ये, पुष्कळदा लोहाचा तांबडा ऑक्साइड असतो. म्हणजे आपला गेरूच. कुंडीला किंवा चुलीला लावलेला गेरू धुऊन जाईल, पण उन्हाने उडणार नाही, कारण ज्या अवस्थेला लोखंड स्वतःहून जाते तीच ती अवस्था आहे. उलट हळदीचा डाग दोन दिवसांच्या उन्हात फिका पडतो. पांढऱ्यासाठी पूर्वी शिशाचा सफेदा वापरत. विसाव्या शतकात त्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइडने घेतली. ज्या इल्मेनाइट या खनिजापासून ते मिळते, ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. काळ्या वाळूतून इतका पांढरा रंग निघावा, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

निळ्याची कथा तर अपघाताची. १९२८ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ येथील कारखान्यात थॅलिमाइड बनवताना भांड्याच्या आतले काचेचे अस्तर तडकले. बाहेरचे लोखंड रसायनाला लागले आणि गडद निळसर कण दिसू लागले. त्यातून पुढे तांबेयुक्त थॅलोसायनीन निळा तयार झाला आणि १९३५ मध्ये बाजारात आला. त्यापूर्वीचा निळा बहुधा प्रशियन निळा किंवा अल्ट्रामरीन असे. म्हणजे १९३० सालच्या गाडीवर थॅलोसायनीन सापडला, तर तो हात नंतरच्या रंगाऱ्याचा आहे हे नक्की. नाण्यावरून राजाचा काळ ठरवतात, तसाच रंगद्रव्यावरून थराचा काळ ठरतो.

आता राजुरीच्या गाडीकडे वळू. साक्षीदार अनेक आहेत आणि प्रत्येकाची उलटतपासणी करायला हवी. जुना फोटो हा पहिला साक्षीदार. पण सत्तरच्या दशकातील रंगीत फोटोंतली रंजके स्वतःच उडालेली असतात. त्यातले निळे-हिरवे अंग आधी गेले, की सारा फोटो तांबूस दिसतो आणि पांढरी गाडीही बदामी वाटते. दुसरा साक्षीदार आठवण. माणसाला ओळखीच्या वस्तूंचा रंग प्रत्यक्षाहून थोडा अधिक गडद, अधिक 'रंगीत' असल्याचे आठवते. आजी खोटे बोलत नाहीत, त्यांची आठवण रंग चढवते. तिसरा साक्षीदार रंगाचे नाव किंवा क्रमांक. नावे फसवी असतात, क्रमांक बरे. जर्मनीत १९२७ साली रंगांना क्रमांक देणारी पद्धत सुरू झाली. आपल्याकडे भारतीय मानक 'आयएस ५' मध्ये ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ६३१ म्हणजे लाइट ग्रे असे ठरलेले आहे. पण असा क्रमांक गाडीवर असला, तरी तो कारखान्याचा हेतू सांगतो. अमुक दिवशी अमुक डब्यातून काय फवारले गेले हे सांगत नाही.

राहिला चौथा साक्षीदार, तो म्हणजे पत्रा. दरवाजाचे आतले रेक्झिनचे आवरण काढले, डॅशबोर्डमधला छोटा कप्पा बाहेर ओढला, घड्याळासारख्या काचा बसवलेली कडी सोडवली, की तसबिरीमागच्या चौकोनासारखी जागा सापडते. त्या जागेला ऊन लागलेले नसते, विडी-सिगारेटचा धूर बसलेला नसतो, हाताचा घाम नसतो. गाडीच्या काचा अतिनील किरणांतील लहान तरंगलांबीचा भाग अडवतात. पण मोठ्या तरंगलांबीचा बराचसा आत येऊ देतात, म्हणून डॅशबोर्ड विटतोच. झाकलेल्या जागी एक छोटी परीक्षा करता येते. नाण्याएवढ्या जागेवर, पाणी लावून, अगदी बारीक पाणीपेपरने हलक्या हाताने गोल गोल घासायचे. मध्यभागी पत्रा उघडा पडेपर्यंत घासले, की भोवती वलये दिसतात, खोडाच्या कापावर दिसतात तशी. सर्वांत बाहेरचे वलय सर्वांत अलीकडचे. पत्र्याला लागून प्रायमर, आणि त्यावरचे पहिले रंगीत वलय कारखान्याचे. दहापट मोठे दिसणाऱ्या भिंगातून पाहिले, तर दोन रंगकामांमध्ये धुळीची बारीक रेघही दिसते. ही रेघ असेल तर मध्ये काही वर्षे गेली. नसेल तर ते एकाच दिवसाचे दोन हात. कारखान्यातून आलेला सगळा लेप मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. एवढ्याशा जागेत सगळा इतिहास!

येथे थांबून 'सापडला मूळ रंग' म्हणावेसे वाटते आणि नेमकी येथेच बहुतेकांची चूक होते. वर ज्या तेलाची आठवण ठेवायला सांगितली होती, ते जवसासारखे तेल अंधारात हळूहळू पिवळे पडते. उजेडात तो पिवळेपणा बराचसा कमी होतो. अंधारात राहिला तर साचतो. म्हणजे डॅशबोर्डच्या पुढे उन्हाने रंग उडाला आणि कप्प्यामागे अंधाराने पिवळा झाला. दोन्ही जागा बदलल्या, विरुद्ध दिशांनी. तसबिरीमागच्या चौकोनाबद्दलचे उत्तर अर्धेच बरोबर होते, ते या अर्थाने. काकांना गाडी पिवळसर आठवते. कदाचित त्यांनी दरवाजा उघडून सतत सावलीतली बाजू पाहिली असेल. जुन्या वास्तूंच्या रंगांचा अभ्यास करणारे म्हणूनच उघडा केलेला नमुना लगेच जुळवायला घेत नाहीत. तो काही दिवस उजेडात ठेवतात, पिवळेपणा उतरू देतात आणि मगच मोजतात.

बंधकाने अशी दिशाभूल करण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण अजिंठ्यात आहे. निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी तेथील चित्रांच्या रक्षणाचे काम केले. निसटणारे तुकडे त्यांनी जागेवर पक्के केले, हे मोठे काम. पण वर लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा-तपकिरी झाला आणि अनेकांना अजिंठ्याचे रंग मुळातच तसे उदास, सोनेरी-तपकिरी आहेत असे वाटू लागले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने नंतर हे थर सावधपणे काढले, तेव्हा खालचे निळे-हिरवे पुन्हा दिसू लागले. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या घराबाबतही असेच घडले. फिकट, सौम्य रंग म्हणजे जुन्या काळची अभिरुची, असे तेथे मानले जाई. १९८० च्या सुमारास थरांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली आणि जेवणघराच्या भिंती झगझगीत हिरव्या निघाल्या. विटण्यालाच आपण अभिरुची समजत होतो!

रंग कोणता हे ठरले तरी तो जुळवणे बाकी राहते. तालुक्याच्या बाजारात ब्लाउजपीसचे 'मॅचिंग सेंटर' असते, ते आठवा. ट्यूबलाइटखाली साडी आणि कापड अगदी एकरंग दिसतात. तरी जाणती बाई दोन्ही घेऊन दुकानाच्या दारात उन्हात जाते. ती जे करते त्याला शास्त्रीय आधार आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. वस्तूवरून परावर्तित होणारा सारा वर्णपट डोळा तीन आकड्यांत गुंडाळतो. त्यामुळे दोन वेगळे वर्णपट एका उजेडात तेच तीन आकडे देऊ शकतात आणि उजेड बदलला की वेगळे होतात. प्रशियन निळ्याची गाडी थॅलोसायनीनने दुरुस्त केली, तर गॅरेजमध्ये ती जुळते आणि रस्त्यावर ठिगळ दिसते. म्हणून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने रंगमापनासाठी 'प्रमाण निरीक्षक' आणि 'प्रमाण उजेड' ठरवून दिले. त्यानंतरच रंगाबद्दल आकड्यांत बोलता येऊ लागले.

डोळ्यांची आणखी एक खोड आहे. पॅरिसच्या गोबलँ या गालिचा कारखान्यात, काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार होती. रसायनज्ञ शेव्हरल यांनी तपासले तर रंगकाम निर्दोष निघाले. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला बिघडवत होते. त्यांचे पुस्तक १८३९ साली आले. फियाटमध्ये लाल रेक्झिनची बैठक असेल, तर शेजारचा सायीचा पत्रा किंचित हिरवट भासतो. तेव्हा जुळवणी करताना बैठकी काढून ठेवाव्या, किंवा करड्या कागदाला भोक पाडून त्यातून दोन्ही नमुने एकमेकांना चिकटवून पाहावे.

रंगारी लोक 'सायीत काळा टाकताना थेंब मोजा' असे सांगतात. त्याचे कारण कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्रात आहे. परावर्तनाचा अंश 'प' मानला, तर लेपाची शोषण्याची आणि विखुरण्याची शक्ती यांचे गुणोत्तर (१ − प)² ÷ २प येते. रंगद्रव्ये मिसळताना बेरीज होते ती या गुणोत्तराची. सायीचा रंग ९० टक्के प्रकाश परत पाठवतो असे धरा, गुणोत्तर ०.०१ ÷ १.८, म्हणजे सुमारे ०.००५६. त्यात तेवढेच, ०.००५६ इतके, काळे पडले तर गुणोत्तर दुप्पट होऊन परावर्तन सुमारे ८६ टक्क्यांवर येते. तेवढेच काळे ५० टक्के परावर्तनाच्या करड्या रंगात टाकले, तर तेथे गुणोत्तर ०.२५ चे ०.२५५६ होते आणि परावर्तन ५० चे ४९.६ टक्के. एका ठिकाणी चार टक्क्यांची घट, दुसरीकडे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित सोडवता येते.

मुलांकडून प्रयोग करून घ्यायचा असेल तर तो हळदीचा घ्यावा, जुन्या गाडीचा घेऊ नये. हळदीत रंगवलेल्या पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या आणि गेरूच्या दोन पट्ट्या करा. प्रत्येकी एक अर्धी झाकून उन्हात, दुसरी कपाटात. आठवड्याने चारही पट्ट्या शेजारी ठेवून मूळ रंगाबद्दल मुलांत वाद लावून द्या. जुन्या गाडीचा रंग मात्र कोरडा घासू नये. त्या काळातील पिवळ्या, लाल औद्योगिक रंगांत शिशाचा क्रोमेट सर्रास असे आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात ९० भाग प्रतिदशलक्ष ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. जुन्या थरांना ती अर्थातच माहीत नाही. म्हणून घासणे नेहमी पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून आणि गोठ्यापासून, वैरणीपासून दूर. उरलेला गाळ फडक्याने टिपून वेगळा ठेवावा, अंगणात ओतू नये.

नातवाने रंग कसा जुळवावा, तर पत्र्याच्या तुकड्यांवर तीन-चार छटा फवाराव्या आणि त्या पूर्ण वाळू द्याव्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात. चकाकी जुन्याइतकीच ठेवावी. चकाकी वाढली की तोच रंग गडद वाटतो. मग हे तुकडे कप्प्यामागच्या, उजेडात ठेवून घेतलेल्या जागेशेजारी धरून सकाळच्या सावलीत, भर दुपारी आणि घरातल्या बल्बखाली पाहावे. तिन्ही वेळा जो जुळेल तो घ्यावा. आणि कप्प्यामागे दोन बोटे रुंदीचा जुना पत्रा रंग न देता तसाच सोडावा. शेजारी एक चिठ्ठी चिकटवून तिच्यावर तारीख, वापरलेल्या रंगाचे प्रमाण आणि 'हा भाग घासू नये' एवढे लिहून ठेवावे.